मुक्त गोठ्यात रबर मॅट घ्यावी का? चौदा महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगते, कारणं मागून. गाय जिथे उभी राहते तिथे रबर मॅट घाला, पैसे वसूल होतील. गाय जिथे बसते तिथे घालू नका. एवढी साधी गोष्ट कळायला आमचा एक अख्खा पावसाळा गेला आणि एका पहिलारू गाईचा पाय जायची वेळ आली, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमचा गोठा इंदूरच्या पश्चिमेला, हातोदच्या पुढे आहे. सासऱ्यांच्या वेळी गाई जुन्या इंदुरात, घराच्या मागच्या बाड्यातच असायच्या. शहरातून गोठे बाहेर निघाले तसे आम्हीही निघालो. आज अठरा जनावरं आहेत: अकरा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित, पाच गीर आणि दोन मालवी. मालवी दूध थोडं देतात, पण सासूबाईंचा जीव त्यांच्यात आहे. चार वर्षांपूर्वी सगळ्यांची दावी सोडली आणि गोठा मुक्त केला. छप्पर तीस बाय पंचवीस फूट, त्यापुढे तीस बाय साठचं उघडं अंगण, भोवती पाइपचं कुंपण, मधे एक कडुनिंब. माझा भाचा महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकला. एका गाईला छपराखाली साडेतीन चौरस मीटर आणि उघड्यावर सात चौरस मीटर जागा हवी, हा हिशेब त्याचा. आमची जागा त्याहून थोडी जास्तच भरते.

दावी सोडली तेव्हाची एक गोष्ट सांगायलाच हवी. जमना ही आमची मालवी, तेव्हा सात वेतांची. तिचा खुंटा उपटून टाकला तरी ती पाच दिवस त्याच जागी उभी. बाकीच्या अंगणभर फिरताहेत, हौदावर जाताहेत, आणि ही बादलीची वाट बघत जागच्या जागी. शेवटी सासूबाईंनी तिच्या मानेवर हात ठेवून तिला हौदापर्यंत चालवत नेलं. दोन दिवस असं केल्यावर ती आपली आपण जायला लागली. आता दुपारी निंबाखालची सगळ्यात चांगली जागा तिचीच असते.

मॅट घ्यायचं कारण घसरणं. मुक्त गोठा बांधताना आम्ही छपराखाली सगळीकडे कोबा केला होता, धुवायला सोपा म्हणून. बांधलेली गाय कोब्यावर कशीबशी निभावून नेते, कारण ती हलतच नाही. मोकळी गाय चालते, वळते, दुसरीनं शिंग रोखलं की झटकन मागे सरते, आणि माजावर आली की एकमेकींवर उड्या घेते. (माज ओळखायला मुक्त गोठ्यासारखं दुसरं काही नाही. जी खाली निमूट उभी राहते ती माजावर. आम्ही तारीख भिंतीवर खडूनं लिहितो आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा बघतो.) अशाच एका उडीत राधाचे मागचे दोन्ही पाय ओल्या शेणावर फाकले. दोन दिवस तिला उठताना धरावं लागलं. त्याच आठवड्यात आम्ही मॅट आणायला गेलो.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मॅटबद्दल जे सांगणार आहे ते कुठल्याही दुकानातल्या मॅटला लागू आहे. बारा मॅट घेतल्या. साडेसहा फूट बाय चार फूट, जाडी १७ मिलिमीटर, वरून हातोडीचे ठोके मारल्यासारखी नक्षी, खालून खाचा. एकीला २,६०० रुपये, टेम्पो वेगळा. एक मॅट उचलायला दोन माणसं लागतात, हे घेतानाच लक्षात ठेवा. दुकानदार यांना म्हणाला, "भाई साब, गाय को गद्दे पे बिठाओ, दूध अपने आप बढ़ेगा." त्यातला गद्दा हा शब्द माझ्या मनात बसला. म्हणून चार मॅट धारेच्या जागी घातल्या आणि आठ छपराखाली, गाईंना बसायला.

धारेच्या जागेचा निकाल आठ दिवसांत लागला आणि तो चांगला लागला. पूर्वी तिथे पाय ठेवताना गाई बिचकायच्या. मशीन लावलं की मागचा एक पाय सारखा उचलून ठेवायच्या, आणि बिचकलेली गाय पान्हा चोरते. भीतीनं अंगात जे अ‍ॅड्रेनलिन सुटतं ते पान्हा उतरवणाऱ्या संप्रेरकाला अडवतं, मग कासेत दूध असून हाती लागत नाही. मॅट घातल्यावर खुरांना पकड मिळाली. तांबू ही आमची सगळ्यात भित्री गाय, तिला पूर्वी ढकलून आत आणावं लागायचं. आता ती दाराशी येऊन उभी राहते. या चार मॅटना मी दहापैकी नऊ गुण देते. एक गुण कापला तो कडांचा, त्याचं पुढे येईल.

बसायच्या जागेचा निकाल मात्र मला लवकर दिसला नाही, कारण मी बघत नव्हते. दिवसा येता-जाता नजर टाकायची, मॅटवर एखादी गाय बसलेली दिसली की समाधान मानायचं. मे महिन्यात भाचा आला आणि त्यानं विचारलं, "मावशी, रात्री दोन वाजता किती बसलेल्या असतात?" मला सांगता येईना. त्या रात्रीपासून अंगणात खाट टाकली आणि आठवडाभर मोजलं.

गाय दिवसाचे दहा ते बारा तास बसते, आणि ते तिला लागतातच. रवंथ ती बहुतेक बसून करते, बसल्यावर कासेकडे रक्त जास्त जातं, खुरांना उसंत मिळते. खाणं आणि बसणं, दोन्हींपासून गाईला काही तास अडवलं आणि मग सोडलं, तर ती आधी बसते आणि खायला नंतर उठते. भाच्यानं हे सांगितलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. पुढे पावसाळ्यात ते मोगरानं दाखवलं.

आठवडाभराचं मोजणं असं: रात्री दोन वाजता अंगणातल्या मुरमावर बारा-तेरा गाई बसलेल्या, मॅटवर एक, फार तर दोन. दुपारी बारा ते चार ऊन असतं, सगळ्या छपराखाली येतात, तेव्हा आठ मॅटवर दोन-तीन बसलेल्या आणि बाकी उभ्या. उन्हाळ्यात गाय तशीही जास्त उभी राहते, हवा अंगाला लागावी म्हणून. तेव्हा दुपारच्या आकड्याचा सगळा दोष मॅटला देता येत नाही. पण रात्री गार वारा असताना, आठ मॅट रिकाम्या असताना, गाई मुरमावर जाऊन बसतात, याचा अर्थ दुसरा काय लावायचा? गोठ्यावरचा आमचा दादा मला आधीपासून सांगत होता, "काकी, ये इसपे बैठती ही नी." मी त्याचं ऐकून घेतलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

मग एका रात्री चंद्रीकडे नीट बघितलं. चंद्री साडेचारशे-पाचशे किलोची, चौथ्या वेताची एचएफ. ती मॅटपाशी आली, मान खाली घातली, नाक मॅटला लावून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेलं. पुढचा एक पाय किंचित मुडपला. पुन्हा सरळ केला. पुन्हा हुंगलं. असं तीन-चार मिनिटं चाललं, आणि ती वळून अंगणात गेली. तिथे मुरमावर एकदाच हुंगलं आणि बसली.

गाय बसते कशी ते आठवा. आधी पुढचे दोन्ही गुडघे दुमडते. त्या क्षणी पुढचं सगळं वजन गुडघ्यांवर असतं, आणि शेवटचे काही इंच ती अलगद उतरत नाही, गुडघ्यांवर पडतेच. मग मागचा भाग खाली घेते. उठताना उलटं: डोकं पुढे झोकून देते, त्या झोक्यानं मागचा भाग वर येतो आणि मग पुढचे पाय. म्हणून उठायला तिला पुढे दोन-तीन फूट मोकळी जागा लागते. भिंतीला तोंड करून गव्हाण बांधतात तिथे गाई घोड्यासारख्या पुढच्या पायांवर आधी उठायला बघतात, ती अडचणीची खूण आहे. आणि पायाखाली काय हवं, तर गुडघा टेकला की दबेल असं काही.

भाच्यानं मला एक परीक्षा शिकवली, ती प्रत्येकानं आपल्या गोठ्यात करावी. गाय बसते त्या जागी उभ्यानं गुडघ्यांवर बसा, हात न टेकता. कळ आली तर गाईलाही येते. मग वीस-पंचवीस सेकंद तसंच थांबा आणि उठून गुडघ्याचं कापड बघा. ओलं झालं असेल तर गाईची कासही रात्रभर ओल्यात असते. मॅटवर मी एकदाच गुडघे टेकले. १७ मिलिमीटर रबर खाली कोबा असताना दबतच नाही. हाताच्या बोटानं दाबलं तर दबतं, दुकानात आपण तेच करून बघतो, आणि तिथेच फसतो.

हे सगळं मे महिन्यात कळलं होतं. तरी पैसे घातलेत, पावसाळ्यात गाई आपोआप मॅटवर येतील, असं म्हणून मी ते तसंच राहू दिलं.

माळव्याचा पाऊस आणि काळी माती ज्यांनी बघितली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अंगणातला मुरूम खालच्या काळ्या मातीत बसला आणि गाईंचे पाय घोट्यापर्यंत रुतू लागले. चिखलात गाय सहसा बसत नाही, दमली तरी टाळते. सगळ्या अठरा छपराखाली आल्या. मॅट आठ, गाई अठरा. त्यातही सोनी, आमची सगळ्यात थोर गीर, वाकड्या शिंगांची, दोन मॅटवर तिरकी बसायची आणि कुणाची हिंमत नव्हती तिला उठवायची.

गाईंच्यात मानपान असतो, आणि तो त्या दावी सोडल्यापासून दोन-चार दिवसांत ठरवून टाकतात. वय, वजन, शिंगं आणि गोठ्यातली जुनी हजेरी, यांवर तो ठरतो. एकदा ठरला की भांडण फारसं होत नाही, थोरलीनं नुसती मान वळवली तरी धाकटी बाजूला होते. हे ठीक चालतं, जोवर सगळ्यांना पुरेसं आहे. पाणी असो, गव्हाण असो, सावली असो की कोरडी जागा, गाईंपेक्षा एकानंही कमी पडली की ती कमी सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी येत नाही, पूर्णच्या पूर्ण सगळ्यात धाकटीच्या वाट्याला येते.

आमच्याकडे ती मोगरा होती. पहिल्या वेताची एचएफ, जूनमध्ये व्यायलेली, बिनशिंगांची. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन गेले की ती कोपऱ्यात उभी असायची, हनुवटी पाइपवर टेकवून, डोळे अर्धे मिटलेले. सकाळी धारा आटोपल्यावर ताजा हिरवा चारा पडला की सगळ्या गव्हाणीकडे धावायच्या, आणि मोगरा त्या वेळी रिकाम्या मॅटवर जाऊन बसायची. दादा म्हणाला, "काकी, इसकी भूख मर गई." भूक मेली नव्हती. रात्रभराचं बसणं थकलं होतं, ते ती खाण्याच्या वेळातून भरून काढत होती. बाकीच्या खाऊन वळेपर्यंत हिच्या वाट्याला खरबरीत दांड्या उरायच्या. दूध दीड लिटरनं उतरलं. ऑगस्टच्या शेवटी ती मागच्या डाव्या पायानं लंगडू लागली. खूर तासल्यावर तळाशी जखम निघाली. कोब्यावर तासन् तास उभं राहून जी होते तीच.

आणखी एक. मॅटच्या खाचांमधून मूत खाली जातं आणि तिथेच राहतं. आम्ही रोज वरून धुवत होतो, वरून मॅट स्वच्छ दिसत होती. सप्टेंबरात एक मॅट उलटली तेव्हा डोळ्यांत पाणी येईल असा उग्र वास आणि खाली अळ्या. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी मॅट उभ्या करून खालून धुतो आणि उन्हात वाळवतो. घालण्याआधी जमिनीला फुटामागे पाव इंच तरी उतार आहे ना ते बघा. आमच्याकडे दोन ठिकाणी उतार उलटा निघाला.

कडांचं सांगते. सहाव्या महिन्यात पाच मॅटच्या कडा वर वळल्या. वळलेल्या कडेत खूर अडकतो. दुकानात फोन केला, फोटो पाठवले. दुकानदार म्हणाला, मॅट फाटली तर बदलून देऊ, कडा वळणं फाटण्यात येत नाही. बिलावर पाच वर्षांची हमी लिहिली होती, पण कशाची ते लिहिलेलं नव्हतं. तुम्ही घ्याल तेव्हा हे बिलावरच लिहून घ्या: कडा वळली तर काय, आणि जाडी दोन-तीन ठिकाणी मोजून. आम्ही शेवटी कडांवर लोखंडी पट्टी ठेवून बोल्ट मारले, बोल्टची डोकी आत खोल बसवून.

नवरात्रात घरात बोलणं झालं आणि आम्ही बसायच्या जागेचा कोबा फोडला. हे सोपं नव्हतं. चार वर्षंही न झालेला कोबा फोडायला मजूर लावायचे म्हणजे यांच्या जिवावर आलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या बाड्यात कधी कोबा होता का रे?" त्यावर बोलणं संपलं. गव्हाणीलगतची आठ फुटांची पट्टी कोब्याचीच ठेवली, बाकी सगळं एक फूट खणलं. खाली विटांचे तुकडे आणि दगड, वर दाबलेला मुरूम, त्यावर सहा इंच जाड वाळू आणि सुकलेल्या शेणाचा भुगा. कडेनं विटांचा उंबरठा, म्हणजे वाळू वाहून जात नाही आणि पागोळ्यांचं पाणी आत येत नाही.

पहिल्या रात्री, अजून मजुरांची घमेली आत पडली होती, आणि चौदा गाई बसल्या. चंद्रीनं एकदा हुंगलं आणि बसली. मोगराला भिंतीलगतची जागा मिळाली. तिचं लंगडणं दिवाळीनंतर थांबलं.

इंदुरात राहून या जमिनीबद्दल बोलायचं आणि हॉवर्ड-वाडांचं नाव घ्यायचं नाही, असं मला करता येणार नाही. १९२४ साली इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. आजचं कृषी महाविद्यालय आहे त्याच जागी. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि आपले यशवंत वाड यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. त्यात बैलांच्या पायाखालची, मूत मुरलेली माती हा महत्त्वाचा माल होता. गोठ्याची जमीन मातीचीच ठेवायची, ठरावीक काळानं खणून खड्ड्यात घालायची आणि तिथे नवी माती भरायची. आम्ही कोबा करून तेच मूत नळीनं नाल्यात सोडत होतो. या फेब्रुवारीत बसायच्या जागेचा वरचा थर काढला तेव्हा चार ट्रॉली खत निघालं. दोन शेतात घातल्या, दोन विकल्या.

अर्थात, मऊ जमीन आपोआप चांगली राहत नाही, तिला हात लागतो. छपराखालचं ओलं शेण आम्ही सकाळ-संध्याकाळ उचलतो. दुपारी दादा दाताळ्यानं वरचा थर उलटा करतो. आठवड्यातून दोनदा चुना भुरभुरतो. आणि धार काढल्यावर गाईला लगेच बसू देत नाही. सडांची तोंडं मिटायला अर्धा तास जातो, त्या वेळात ती खाली टेकली की घाण आत जाते आणि कासेला दगडी (कासेची सूज) होते. म्हणून ताजा चारा धारेनंतरच टाकायचा, म्हणजे ती आपणहून उभी राहते.

आणि तिथे मॅट कामाला आली. काढलेल्या आठांपैकी सहा गव्हाणीलगतच्या कोब्यावर घातल्या, दोन कापून हौदाभोवती. गाय दिवसाचे चार-पाच तास गव्हाणीवर उभी असते, आणि कोब्यावर उभी राहणं आणि रबरावर उभी राहणं यातला फरक तिच्या मागच्या पायांत दिसतो. कोब्यावर ती दर थोड्या वेळानं या पायावरून त्या पायावर वजन टाकते. आता तो चाळा कमी झाला. मोगरा सगळ्यात कडेच्या मॅटवर खाते, तिथून तिला मागे सरायला वाट आहे. कोपऱ्यात कोंडली जाईल अशी जागा धाकटी गाय स्वतःच टाळते, चारा समोर असला तरी. उघड्यावर मात्र मॅट घालू नका. मे महिन्याच्या उन्हात काळं रबर इतकं तापतं की अनवाणी पाय ठेवता येत नाही. आम्ही हौदाभोवतीच्या दोन मॅटवर मग ग्रीन नेट बांधली.

घेणाऱ्याला अजून एक सांगते. एका मॅटच्या पैशात आम्ही काथ्याच्या ताठ ब्रशांचे सहा तुकडे आणून निंबाला आणि दोन खांबांना मारले, काही आडवे, काही तिरके, गाईच्या मानेपासून कमरेपर्यंतच्या उंचीला. पहिल्याच दिवशी सोनी एक तास तिथून हलली नाही. तिच्या मागे राधा, राधामागे चंद्री. पाठीचा कणा, शेपटीचा बुंधा, शिंगांमागची जागा, जिथे गाईची जीभ पोचत नाही तिथे ती घासून घेते. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे तपासलं होतं. ब्रशपाशी जायला वजन लावलेलं दार ढकलावं लागेल असं केलं, वजन वाढवत नेलं, आणि गाई ब्रशसाठी तितकंच जड दार ढकलत होत्या जितकं ताज्या चाऱ्यासाठी. त्याच्याही आधी, १९६५ मध्ये, ब्रिटनमधल्या ब्रॅम्बेल समितीनं म्हटलं होतं की जनावराला उठता, बसता, वळता, अंग साफ करता आणि पाय ताणता आलं पाहिजे. माझ्या लग्नानंतरची पंचवीस वर्षं मी ज्या गाईंच्या धारा काढल्या त्यांना यांतल्या पाचपैकी दोनच गोष्टी करता येत होत्या, उठणं आणि बसणं. त्या गाई माझ्या डोळ्यांपुढे आहेत.

ज्यांनी मॅट आधीच घेतल्या आहेत आणि बसायच्या जागी घातल्या आहेत, त्यांनी त्या फेकू नयेत. आधी धारेची जागा, मग गव्हाण, मग हौद, या क्रमानं हलवा. बसायची जागा फोडणं शक्य नसेल तर मॅटवर निदान चार बोटं भुसा किंवा शेणाचा कोरडा भुगा रोज घाला. नुसत्या मॅटपेक्षा ते कितीतरी बरं, पावसाळ्यात आम्ही शेवटचे पंधरा दिवस तसंच केलं होतं आणि बसणाऱ्यांची संख्या वाढली होती. सोयाबीनचा भुसा घालू नका, टोचतो. ज्यांनी अजून घेतलेल्या नाहीत त्यांनी गाईंइतक्या मॅटचा हिशेब करू नये. अठरा गाईंना आम्हाला बाराच पुरतात.

आता जून लागला आहे. अंगणात मुरमाच्या सहा ट्रॉल्या टाकून झाल्या, दोन यायच्या आहेत. परवा दुकानदाराचा फोन आला होता. नवी मॅट आली आहे, आत फोम, जाडी दुप्पट, गाई नक्की बसतील म्हणाला. मी त्याला सांगितलं, एक आणून वाळूच्या शेजारी टाका, पंधरा रात्री मी मोजते. गाई त्यावर बसल्या तर पूर्ण पैसे देईन. पावसाआधी घेऊन येतो म्हणाला आहे.